आधी एसएमपीएस, मग प्रोसेसर

सुटे भाग जुळवून पहिला कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की मालवणातली मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांसारखीच यादी करतात. वर प्रोसेसर, त्याखाली ग्राफिक्स कार्ड, मग रॅम आणि उरलेल्या पैशांत कॅबिनेट व एसएमपीएस. माझं म्हणणं असं, की आपल्या किनाऱ्यावर ही यादी खालून वर करायला हवी. बजेट 50 हजारांचं असेल तर त्यातला किमान पाचवा हिस्सा एसएमपीएस, यूपीएस आणि कॅबिनेट यांच्यासाठी आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात कुठला प्रोसेसर बसतो ते पाहावं. वेग मोजणाऱ्या कुठल्याच चाचणीत हे तीन भाग दिसत नाहीत, म्हणून पहिली कात्री त्यांच्यावर चालते. पण इथला कॉम्प्युटर वेग कमी पडला म्हणून अडगळीत जाण्याआधीच हवा नाहीतर वीज त्याचा घास घेते.

हवेचं आधी. लाटा फुटतात तिथून मिठाचे बारीक कण उडतात आणि वाऱ्याबरोबर घरात येतात. किनाऱ्यापासून आत जावं तसं त्यांचं प्रमाण झपाट्यानं घटतं. म्हणून कुडाळ-कणकवलीचा हिशेब वेगळा आणि एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी असलेल्या देवबागचा वेगळा. एसीचं बाहेरचं युनिट इथं किती लवकर गंजतं, हे तारकर्ली-देवबागच्या घरमालकांना सांगावं लागत नाही. तेच मीठ मदरबोर्डवरही बसतं. कोरडं असेपर्यंत ते फारसा त्रास देत नाही. सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि बोर्डावर वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता दिवसचे दिवस त्याहून वर असते. आता दुसरी बाजू पाहा. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा कॅबिनेटमध्ये तापून 37 अंशांवर गेली, तर बाष्प तेवढंच राहून सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे चालू कॉम्प्युटर स्वतःला बराचसा कोरडा ठेवतो आणि जपायचा म्हणून प्लास्टिकचं कव्हर घालून आषाढ-श्रावणभर बंद ठेवलेलाच आतून खराब होतो. मात्र समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात, त्यामुळे मुळात मीठ आत कमी येऊ देणं हाच पहिला उपाय. काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे सहा पंखे इथं तोट्याचे आहेत; प्रत्येक जादा पंखा जादा खारी हवा ओढतो. हवा आत घेणारे दोन पंखे, त्यांच्यापुढे काढून धुता येणारी जाळी आणि बाहेर फेकणारा एक पंखा, एवढं पुरतं. आतला दाब किंचित जास्त राहिला की फटींतून हवा शिरत नाही. जाळीनं अगदी बारीक मीठ अडत नाही हे खरं, पण धूळ अडते, आणि मीठ व ओल धरून ठेवणारी ती धूळच असते.

विजेचा मार याहून झटपट बसतो. मे 2021 मधल्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावर खांब कोसळले आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली, ते सगळ्यांना आठवतं. कॉम्प्युटरला मात्र अंधारापेक्षा वीज परत येतानाचा झटका जास्त बाधतो, आणि तो झटका मिरगाआधीच्या वळिवात व ऑक्टोबरच्या गडगडाटात वारंवार बसतो. त्यात आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात कातळ सुकला की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि सर्ज प्रोटेक्टरला झटका जमिनीत सोडायला वाट राहत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं हा फुकटातला उपाय आहे. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर 450 वॉट छापलेलं असतं, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्या 12 व्होल्टवर चालतात त्या ओळीतले अँपिअर वाचले तर बरेचदा त्याच्या निम्म्याच्या आसपासच हिशेब लागतो. 80 प्लसचा शिक्का चांगला, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासूनचं संरक्षण आत आहे का, ते वेगळं पाहावं लागतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर ठेवावं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ तग धरतो आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बरेचदा त्याहून उशिरा वीज देतो.

मग वेगाचं काय, गेम खेळायचे त्यांनी काय करायचं, हा आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर कार्ड नकोच असं नाही. ते नंतर घ्या. ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर निवडा. 2021 मध्ये आलेला रायझन 5 5600जी हा सहा कोअर आणि 65 वॉटचा प्रोसेसर अभ्यास, प्रोग्रामिंग, हिशेब आणि हलक्या गेमना आजही पुरतो. इंटेलचा घेणार असाल तर नावाच्या शेवटी एफ असलेला टाळा. त्यात ग्राफिक्स नसतं. अशा कॉम्प्युटरचा भार सहसा 150 वॉटच्या आत राहतो, त्यामुळे 600 व्हीएचा, म्हणजे साधारण 360 वॉटचा यूपीएस काम जपून बंद करण्याइतका वेळ देतो. आज 550 वॉटचा चांगला एसएमपीएस घेतला तर पुढं मध्यम ताकदीचं कार्ड त्यावरच बसतं. ते आल्यावर यूपीएस मात्र मोठा लागेल. उलट आज कार्ड घेऊन एसएमपीएसवर पैसे वाचवले, तर तो जाताना कार्डालाही घेऊन जाऊ शकतो, आणि विजेचा झटका किंवा गंज वॉरंटीत सहसा बसत नाही.

दुसरा आक्षेप लॅपटॉपचा. त्यात बॅटरी असते, झटका कमी लागतो, आणि दोन वर्षांत शिकायला बाहेर जाणाऱ्यानं तोच घ्यावा. पण लॅपटॉपमध्ये जवळजवळ सगळं एकाच बोर्डावर जोडलेलं असतं. मिठानं तो बोर्ड खाल्ला की खर्च जवळपास नव्या लॅपटॉपचाच. डेस्कटॉपमध्ये रॅम बिघडली तर रॅम बदलते, आणि घरी राहून काम करणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

दुकानदाराकडून कोटेशन घ्याल तेव्हा एसएमपीएसच्या ओळीत कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहून मागा. तिथं नुसतं ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ लिहिलं असेल, तर बाकीची यादी कितीही आकर्षक असली तरी ते कोटेशन परत करा.