सातची सुई

आमच्या घरात घड्याळाला कधी फारसा मान नव्हता. अब्बा शिवणकाम करत. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यांनी पाळल्याचे मला आठवत नाही. अम्माचा दिवस अजानवर चाले. शाळेत नोकरीला लागल्यापासून मी तेवढी घंटेवर उठू-बसू लागले. पण सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात या दोन वेळांचा धाक घरात शिरला तो २०१९ साली, आणि तो आणला एका मांजराने.

मिश्री तिचे नाव. खडीसाखरेवरून ठेवले असेल असे लोकांना वाटे. तसे नव्हते. अम्माला पूर्वी दात घासायला मिश्री लागायची, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची. २०११ साली अब्बांनी दुकानाच्या पायरीवरून हे पिल्लू उचलून आणले तेव्हा त्याचा रंग थेट त्या पुडीसारखा काळपट तपकिरी होता. साखरेशी तिचा संबंध पुढे आठ वर्षांनी आला.

साखर आमच्या घरात नवीन नव्हती. अब्बांना मधुमेह होता. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले, तेव्हा "एकदा सुई लागली की मरेपर्यंत सुटत नाही" असे सांगणारे दहा जण भेटले. अब्बांनी दोन महिन्यांत सुई सोडली आणि कुणीतरी दिलेला काढा धरला. मग पायाला जखम झाली. आधी अंगठा गेला, मग पाय, आणि २०१३ मध्ये अब्बाच गेले. शेवटच्या महिन्यांत मिश्री त्यांच्या उरलेल्या पायाशी झोपायची. पुढे अम्मालाही इन्सुलिन लागले. तिने ते नाकारले नाही, पण मनापासून स्वीकारलेही नाही. पाहुणे आले की डोस चुकायचा, लग्नकार्यात हमखास चुकायचा. मी बोलले तर म्हणायची, "तू मेरी मास्तरीण नक्को होऊ."

२०१९ च्या फेब्रुवारीत मिश्री वजूच्या बादलीवर जाऊन पाणी पिऊ लागली. अम्माने तिला हाकलले नाही. अबू कतादा यांनी वजूचे भांडे मांजरापुढे कलते करून धरल्याची हकीकत तिनेच मला लहानपणी सांगितली होती. पण मिश्री दिवसातून दहादा पिऊ लागली, वाळूची पाटी दोनदा बदलावी लागू लागली, खाऊनखाऊन ती वाळत चालली. एक दिवस पाहिले तर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून ती चालत होती. म्हातारी बाई भिंतीला धरून चालते तशी.

डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर ३८० निघाली. मांजर घाबरले तरी साखर चढते, म्हणून त्यांनी लघवी तपासली आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी आणखी एक तपासणी केली. मग सांगितले, मधुमेहच आहे. मांजर मुळात मांसाहारी. आम्ही तिला वर्षानुवर्षे दूध-चपाती घालत होतो. ते बंद करून उकडलेली कोंबडी आणि डब्यातले ओले खाणे सुरू करायचे, आणि बारा-बारा तासांनी एक युनिट इन्सुलिन द्यायचे, तेही तिने खाल्ल्यावरच. पायाचे दुखणेही साखरेचेच होते. नसांवर परिणाम झाला होता.

मेडिकलमधल्या मुलाने चिठ्ठी पाहून विचारले, "पेशंटचं नाव?"

"मिश्री."

"वय?"

"आठ."

त्याचा चेहरा उतरला. "एवढ्या लहान मुलीला?" म्हणाला. मांजर आहे असे सांगायला मला का कोण जाणे लाज वाटली. मी नुसती मान हलवली आणि पैसे देऊन बाहेर पडले.

पुण्याहून भावाचा फोन आला तेव्हा त्याला खर्च कळला. तो म्हणाला, "आपा, मोहल्ल्यात माणसांना औषध मिळत नाही आणि तू मांजराला इन्सुलिन टोचतेस?" हा प्रश्न खोटा नव्हता. माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया गोळ्या अर्ध्या करून घेतात, हे मला ठाऊक होते. मला उत्तर सुचले नाही. अम्माने फोन घेतला. म्हणाली, "तेरे अब्बा के पैरां के पास सोती थी वो. उसको कैसा छोड़ना?" मग मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला काय शिक्षा झाली, ते तिने त्याला सुनावले. ती हदीस त्यालाही ठाऊक होती. तो गप्प झाला.

मला मात्र त्या बाईची आठवण वेगळ्या कारणाने येई. रोज दोनदा मीही मिश्रीला टॉवेलात गुंडाळून धरत होते. मानेजवळची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई आत सरकवायची. साखर बघायला कानाच्या कडेला टोचायचे. ती ओरडायची, पहिल्या आठवड्यात तर माझी चाहूल लागताच पलंगाखाली जायची. ही दया की जुलूम, हे तिला समजावून सांगता येत नव्हते. माणसाला निदान सांगता तरी येते. ऐकणे न ऐकणे त्याच्या हाती.

सात मेला रमजान सुरू झाला. त्या दिवसांत आमच्या सांगलीत मगरिबची अजान सातच्या आसपास होते. म्हणजे इफ्तार आणि मिश्रीची सुई एकाच वेळी. मी पावणेसातला तिला खायला घाली. अम्मा हसून म्हणे, "इसका इफ्तार अजान के पहले." अम्माने रोजे ठेवू नयेत असे डॉक्टरांनी बजावले होते. आजाऱ्याला कुराणातच सूट आहे. ज्याला पुढेही जमणार नाही त्याने रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालावे, हेही अम्माला पाठ होते. पण सूट दुसऱ्यांसाठी असते असा तिचा समज. सहरीला ती सकाळचा डोस पूर्ण घेई आणि दिवसभर उपाशी राही. मी भांडून थकले.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शाळेचे निकालाचे काम आटोपून मी उशिरा घरी आले. भजी तळायची, फळे कापायची, अजान तोंडावर. फ्रिजच्या दारात अम्माची इन्सुलिनची बाटली आणि मिश्रीचे औषध शेजारी शेजारी असे. अम्माचे औषध एका मिलिलिटरला चाळीस युनिटचे, त्याची सिरिंज लाल टोपीची. मिश्रीचे शंभर युनिटचे, त्याला नारिंगी टोपीची सिरिंज. मी घाईत लाल टोपीची उचलली आणि एकाच्या रेघेपर्यंत औषध भरले. रेघ एकचीच होती, पण औषध गेले अडीचपट.

तरावीहची नमाज सुटून गल्लीत माणसांची वर्दळ झाली, तेव्हा मिश्री उठली आणि कोलमडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. डोळे विस्फारलेले, अंगाला कापरे. साखर चाळीसच्या घरात आली होती. केराच्या डब्यात लाल टोपी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी फोन उचलला हे नशीब. मध हिरड्यांना चोळा, गिळता यायला लागले की खायला द्या, रात्रभर तासातासाला साखर बघा, सकाळचा डोस देऊ नका आणि उघडल्याबरोबर घेऊन या, असे त्यांनी सांगितले.

अम्माने मधाची बाटली आणली. तिने मिश्रीला मांडीवर घेतले, मी बोटाने मध लावत राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी कापरे थांबले. तिने थोडी कोंबडी खाल्ली. मी रडत होते. अम्मा बराच वेळ मिश्रीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "मेरेकू भी ऐसाच होताय. असर के वक्त. हात कांपते, आंखां के सामने अंधेरा आता."

मी तिच्याकडे पाहत राहिले. "कब से?"

"पहले रोजे से."

"बोली क्यूं नहीं?"

"बोली तो तू रोजा रखने देती थी क्या?"

मला राग आला, आणि लगेच भीती वाटली. मिश्रीला बोलता येत नव्हते, म्हणून आम्ही तिची वाटी मोजत होतो, पाटी तपासत होतो, पाय न्याहाळत होतो. अम्माला बोलता येत होते, म्हणून मी तिच्याकडे बघणेच सोडून दिले होते. ती "ठीक है" म्हणे आणि मी ते खरे धरी.

त्या रात्री आम्ही दोघी झोपलो नाही. सहरीला अम्माने रोजाची नियत केलीच. फक्त एक अट कबूल केली, असरला बोट टोचून बघायचे. मिश्रीला डॉक्टरांकडे नेऊन आणले. ती सावरली होती. चार-साडेचारला अम्मा जानमाजवर बसली होती, कपाळाला घाम. मी बोट टोचले. आकडा ५६. तिने तो बराच वेळ पाहिला. तिला चौथीपर्यंतचे मराठी येते, आकडे चांगले कळतात. मग काही न बोलता तिने कपाटातली तीच मधाची बाटली मागितली. मध चाटताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. त्या रमजानात तिने पुन्हा रोजा ठेवला नाही. फिदयाचे पैसे तिने वर्गातल्या त्या दोन मुलींच्या घरी माझ्या हातून पोचवले.

दुसऱ्या दिवसापासून लाल टोप्या एका डब्यात आणि नारिंगी टोप्या दुसऱ्या डब्यात, वेगवेगळ्या फळ्यांवर गेल्या. मी एक वही केली: वेळ, साखर, खाल्ले का, किती युनिट, कोणी दिले. पाचसहा दिवसांनी अम्माने पट्टीने एक उभी रेघ ओढली आणि पलीकडे आपले आकडे लिहायला सुरुवात केली.

ती वही ऑगस्टच्या पुरातून वाचली. कृष्णेचे पाणी गल्लीत शिरले, वीज गेली. औषधे फ्रिजमधून काढून आम्ही एका छोट्या मडक्यात ठेवली आणि मडक्याला ओले फडके गुंडाळले. इन्सुलिन फार तापू द्यायचे नाही आणि गोठूही द्यायचे नाही, एवढे ज्ञान आता अम्मालाही होते. नाव आली तेव्हा तिच्या एका हातात मडके होते आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. नावेतल्या पोराने विचारले, "आज्जी, पिशवीत काय?" अम्मा म्हणाली, "पेशंट." पिशवीने म्याव केले. त्या गर्दीत, त्या भीतीत सगळी नाव हसली. बकरी ईद आम्ही मिरजेला खालाच्या घरी केली. सातची सुई तिथेही चुकली नाही.

डिसेंबरात मिश्रीची साखर आपोआप ताब्यात राहू लागली. काही मांजरांच्या बाबतीत असे होते. डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले. अम्माला आशा लागली, "उसकी छूटी, मेरी भी छूटेगी?" तुझी सुटणार नाही, हे सांगणे मला जड गेले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नहीं तो नहीं." आठ महिन्यांनी मिश्रीची सुईही परत आली. अम्मा तिला म्हणाली, "आ गई? मैं अकेली पड़ गई थी."

२०२२ च्या फेब्रुवारीत मिश्री गेली. मूत्रपिंडे निकामी झाली होती. शेवटचे दोन दिवस डॉक्टरांनीच सुई बंद करायला सांगितली. अंगणातल्या पेरूखाली तिला पुरले. नारिंगी टोप्यांचा डबा मी गेल्या वर्षी रिकामा केला. आता त्यात अम्माच्या लाल टोप्या असतात.

वही चौथी चालू आहे. तिच्यात आता एकच रकाना आहे. संध्याकाळी मी वह्या तपासत बसले की आतून हाक येते, "सात बजे गे!" मी उठून जाते. अम्माने बाही वर करून ठेवलेली असते.