फरण

जोशीमठास बदलीवर असताना नीती खोऱ्यातील एका शेजारीण आजींनी आम्हांस चिमूटभर वाळकी पात दिली. ‘फरण’ म्हणजे हिमालयातील रानकांदा. कुमाऊँत ह्यासच ‘जंबू’ म्हणतात. आमचा हात आखडला. कोकणात रानकांदा म्हणजे विषारी कोळकांदा. तो तोंडी लावू नये, ही लहानपणची ताकीद. आजींनी पात तापल्या तुपात सोडली आणि आमच्या साध्या वरणास लसणीसारखा घमघमाट सुटला.

हिवाळ्यात ह्याची पात सुकते; कंद मात्र बर्फाखाली जिवंत राहतो आणि बर्फ वितळताच पुन्हा फुटतो. म्हणून पात खुडावी, कंद उपटू नये, असे आजी सांगत.

पुढे पुन्हा बदली झाली. सामान बांधताना एखादा कंद सोबत न्यावा, असा मोह झाला. नेली ती वाळकी पातच.