जुना नंबर, नवा नंबर

चेन्नईत पत्ता शोधायचा म्हणजे दोन आकडे लक्षात ठेवावे लागतात. कित्येक फाटकांवर 'जुना क्रमांक १२, नवा क्रमांक २५' असे दोन्ही लिहिलेले असते. महापालिकेने घरांना नवे क्रमांक दिले, पण लोकांनी जुने सोडले नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये, पोंगलच्या सुमारास, मैलापूरला माझ्या एका सहाध्यायी अधिकाऱ्याचे घर शोधताना मला याचे हसू आले होते. बाहेरच्या माणसाला दुसऱ्याच्या राज्याचा कारभार नेहमीच गमतीचा वाटतो. त्यानंतर चार दिवस अंबत्तूरला भाच्याकडे राहिलो आणि ते हसू ओसरले.

सेंट्रलहून लोकल पकडली की विल्लिवाक्कम, कोरट्टूर, पट्टरवाक्कम आणि मग अंबत्तूर. येथील औद्योगिक वसाहत १९६४ सालची. भाचा तेथे नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. मी गेलो तेव्हा गावाचा पत्ता नुकताच बदलला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये चेन्नई महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली, बेचाळीस स्थानिक संस्था तीत विलीन झाल्या आणि वॉर्ड १५५ चे २०० झाले. अंबत्तूरची नगरपालिका संपली. ते महापालिकेचा विभाग क्रमांक ७ झाले. भाच्याचे घरमालक नगरपालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपत होते. नव्या कार्यालयाने जुन्याचा भरणा मान्य केला नाही तर, ही त्यांची काळजी. तालुका मात्र अजून तिरुवळ्ळूर जिल्ह्यातच होता. तो चेन्नई जिल्ह्यात आला २०१८ साली. म्हणजे सात वर्षे महापालिका एकीकडची आणि तहसील दुसरीकडचे. ज्यांनी महसूल खात्यात काम केले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सण असूनही भाचा रात्री अकराला घरी आला. त्याला मी म्हटले, "अरे, पोंगलला तरी सुट्टी घ्यायचीस." तो म्हणाला, "मामा, आमच्याकडेही सगळ्यांची घरे हलवली आहेत. कोण कुठे गेले ते शोधतोय."

मग त्याने जे समजावून सांगितले ते मला, संगणकाच्या बाबतीत पुष्कळसा अडाणी असूनही, फार लवकर कळले. कारण ते सगळे दफ्तरखान्याचेच होते.

लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. नेटवर्कचे प्रत्येक कार्ड त्या गाभ्याशी बोलते ते एका दुभाष्यामार्फत. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे शेकडो दुभाषे वर्षानुवर्षे एकाच 'ड्रायव्हर्स/नेट' नावाच्या कप्प्यात साठत गेले होते. इथरनेटच्या शेजारी टेलिफोनवरून जोडणी करणारे पीपीपी, त्याच्याही शेजारी फायबरचे एफडीडीआय. जो आला त्याने आपला गठ्ठा रिकाम्या जागी ठेवला. निवडीच्या यादीत वर्गवारी होती, पण ती वेगानुसार: दहा किंवा शंभर मेगाबिट, हजार मेगाबिट, दहा हजार मेगाबिट. त्यामुळे इंटेलचा ई-१०० एका यादीत, ई-१००० दुसऱ्या आणि आयएक्सजीबीई तिसऱ्या. तिन्ही सांभाळणारी माणसे मात्र एकाच कंपनीची.

ऑगस्ट २०११ मध्ये इंटेलच्या जेफ कर्शर यांनी हा कप्पा लावायला घेतला आणि नेटवर्क विभागाचे प्रमुख डेव्हिड मिलर यांनी तो फेरबदल स्वीकारला. सर्व इथरनेट ड्रायव्हर 'ड्रायव्हर्स/नेट/इथरनेट' या नव्या दालनात गेले आणि तेथे कंपनीवार कपाटे झाली. पीपीपी, एफडीडीआय यांना त्यांच्या वेगळ्या खोल्या मिळाल्या. ४ जानेवारी २०१२ रोजी लिनक्स ३.२ प्रसिद्ध झाले, ते या नव्या मांडणीसह.

मला यातली पहिली गोष्ट आवडली ती वर्गवारीची कसोटी. वेग हा गुण आहे आणि तो दर काही वर्षांनी जुना होतो. कंपनी निदान उत्तरदायी असते. कर्नलमध्ये कोणत्या फाइलीसाठी कोणाला विचारायचे याची एक नोंदवही आहे. कपाटे कंपनीवार झाल्यावर त्या नोंदवहीतल्या ओळीही सरळ झाल्या. अर्थात कंपन्याही टिकत नाहीत. थ्रीकॉम ही कंपनी एचपीने आणि सन ही ओरॅकलने २०१० मध्येच घेतली होती, डिजिटल इक्विपमेंट तर १९९८ सालीच कॉम्पॅकमध्ये गेली होती. तरी २०११ साली कपाटांवर नावे लागली ती 'थ्रीकॉम', 'सन' आणि 'डेक' अशीच. मालक बदलला की पाटी बदलायची असा हट्ट धरला नाही. आणि एका चिपच्या नकला अनेक कंपन्यांनी काढल्या होत्या, तेथे नियम सोडून त्या चिपच्याच नावाचे '८३९०' हे कपाट केले. नियमाला असा अपवाद करणारा माणूस मला नेहमीच विश्वासू वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कपाट बदलले, पण ड्रायव्हरचे नाव बदलले नाही. वापरणारा ज्या नावाने त्याला हाक मारतो ती हाक तशीच चालू राहिली. नव्या मांडणीत कर्नल घडवताना 'अमुक कंपनीची कार्डे हवीत का?' असा एक नवा प्रश्न आला, पण त्याचे ठरलेले उत्तर 'होय' असे ठेवले. न विचारता पुढे जाणाऱ्याचे कार्ड हरवू नये म्हणून. आणि फाइली हलवताना आतला मजकूर शक्य तितका न बदलता हलवला. कारण हा सगळा इतिहास ज्या गिट नावाच्या व्यवस्थेत नोंदला जातो, ती 'ही फाइल तिकडे गेली' अशी वेगळी नोंदच करत नाही. जुन्या आणि नव्या फाइलीचा मजकूर निम्म्याहून अधिक जुळला तर ती तीच, असे ती ओळखते. हलवणे आणि सुधारणे एकाच दमात केले असते तर ओळख पुसली गेली असती.

हे ऐकताना मी गप्प झालो. भाच्याला वाटले, मला झोप आली.

१९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची जी फेरमांडणी केली तिची आम्हा तरुण अधिकाऱ्यांत फार चर्चा होती. त्या भारावलेपणात मी प्रांत असताना एका तालुक्याचा दफ्तरखाना लावायला घेतला. रुमाल सोडले, धूळ झटकली, अ वर्ग कायम जपण्याचा, ड वर्ग वर्षभरात नष्ट करण्याजोगा, अशी छाननी केली. त्या भागात १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गट पडून गेले होते आणि सर्व्हे नंबर मागे पडले होते. मी म्हटले, आता सगळे गठ्ठे गट नंबरांप्रमाणे लावू. लावले. फारच देखणे झाले. पाहणीला आलेल्या वरिष्ठांनी शेरा चांगला दिला.

एक फाटकी वही उरली होती, सर्व्हे नंबरांच्या क्रमाने कोणाची कागदपत्रे कोणत्या रुमालात हे सांगणारी. कोणत्या वर्गात घालावी हे अभिलेखपालाने विचारले. सर्व्हे नंबरच राहिले नाहीत तर वही कशाला, असे म्हणून मी तिच्यावर 'ड' लिहिले.

पुढच्या वर्षी एक बाई आली. विधवा, भावांशी वडिलांच्या जमिनीतील हिश्शाचा दावा चाललेला. तिच्याकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी होती, तीवर सर्व्हे नंबर आणि फेरफाराचा नंबर. तिला फेरफाराची नक्कल हवी होती. जुना अभिलेखपाल निवृत्त झाला होता. त्याच्या डोक्यात जे होते ते त्याच्याबरोबर गेले. नव्याला गट नंबर सांगा म्हणजे लगेच काढतो. बाईला गट नंबर ठाऊक नव्हता, आणि एका सर्व्हे नंबराचे तुकडे तीन गटांत गेले होते. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे कागद मागवले, ते येईपर्यंत पावसाळा गेला. ती दर बाजारच्या दिवशी येऊन ओट्यावर बसे. एकदा मला म्हणाली, "साहेब, माझी जमीन हाय तिथंच हाय. तुमचा कागूद कुठं गेला?"

नक्कल सापडली सात महिन्यांनी. तोवर तिने भावांशी तडजोड केली होती, मागितल्याच्या पाव हिश्शावर. कागद हातात दिला तेव्हा तिने तो घडी करून पिशवीत ठेवला आणि नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून नकोसा वाटतो. वहीवर 'ड' मी लिहिले होते हे तिला माहीत नव्हते.

भाच्याची अडचण याच जातीची होती. त्याच्या कंपनीने कर्नलमध्ये स्वतःच्या चाळीसएक दुरुस्त्या केल्या होत्या, पण त्या गिटमध्ये नव्हे, सुट्या पॅचच्या रूपात ठेवल्या होत्या. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर जुना पत्ता. गिटने आपली माणसे ओळखली असती. सुटा पॅच पत्त्यावर जातो, घर रिकामे पाहतो आणि परत येतो. शिवाय ग्राहकांच्या यंत्रांत जुनेच २.६.३२ कर्नल चालू होते. म्हणजे यापुढे जगातून येणारी प्रत्येक दुरुस्ती नव्या पत्त्यावर येणार आणि त्याने ती जुन्या पत्त्यावर नेऊन लावायची. मी विचारले, कर्शर यांचे चुकले का? तो म्हणाला, "नाही मामा. त्यांनी जेवढे जपायचे तेवढे जपले. आम्हीच आमची वही बाहेर ठेवली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितले, दोन रकान्यांची यादी कर. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. तो हसला, कारण ती त्याने आदल्या रात्रीच सुरू केली होती. मी चष्मा लावून बसलो आणि त्याने वाचलेले नवे पत्ते पडताळून खूण करत गेलो. जेवणाच्या वेळेपर्यंत आम्ही ब्रॉडकॉमपर्यंत पोचलो होतो. घरमालक वर येऊन डोकावून गेले. काय चालले आहे हे भाच्याने तमिळमध्ये सांगितल्यावर त्यांनी खाली जाऊन पावत्यांची ती पिशवी आणली आणि तिची अशीच यादी करून देता येईल का, असे विचारले.

पुढे भाचा परदेशी गेला. २०१५ च्या अखेरीस वायरलेस ड्रायव्हरांचीही अशीच कंपनीवार मांडणी सुरू झाली, तेव्हा त्याचा रात्री फोन आला. अंबत्तूरच्या कंपनीतून कोणी मुलगा त्याला ती जुनी यादी मागत होता, कारण तिच्याच खाली नवी ओळ घालायची होती.