मोफत सदरा

मुलांनो, सणाचा बाजार तुम्हांला आवडतो ना? मलाही फार आवडतो. दिवाळीच्या आधी आकाशकंदिलांनी रस्ते उजळतात. रमजानमध्ये तरावीहची नमाज झाली, की अत्तर, शेवया, खजूर, टोप्या आणि कपडे यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. वर्षभर न दिसणारी दुकाने पंधरा-वीस दिवसांसाठी रस्त्याच्या कडेला उभी राहतात. अनेक दुकानांवर एक पाटी असते, 'सूट! सूट! सूट!' अशाच एका पाटीची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

१९९४ साली मी सातवीत होतो. आम्ही मालेगावला राहत होतो. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. रात्रंदिवस मागांचा खडखडाट चाले. शुक्रवारी माग बंद असत. ईदच्या आधीच्या शुक्रवारी अब्बांनी माझ्या हातावर १५० रुपये ठेवले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी एक सदरा घे. नजमासाठी बांगड्या आण. उरलेले पैसे अम्मीला दे. शीरखुर्म्याचे सामान आणायचे आहे."

नजमा माझी धाकटी बहीण. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "भाईजान, हिरव्या आणा हं! सोनेरी ठिपक्यांच्या."

बाजारात मी एका दुकानापुढे थबकलो. पाटीवर लिहिले होते, 'एक सदरा ७५ रुपये. दोन घ्या, तिसरा मोफत!' मी मनात हिशेब केला. दोन सदऱ्यांचे १५० रुपये होतात आणि तिसरा फुकट मिळतो. माझ्याकडे बरोबर १५० रुपयेच होते! दुकानदार ओरडत होता, "आजच्या दिवसच हा भाव! उद्या मिळणार नाही!" मी घाईघाईने पैसे दिले आणि तीन सदरे घेतले. आपण मोठी बाजी मारली, असे मला वाटले.

पुढच्याच गल्लीत एक म्हातारे बाबा हातगाडीवर तसेच सदरे विकत होते. त्यांच्या गाडीवर पाटी नव्हती. मी सहज भाव विचारला. ते म्हणाले, "५० रुपये, बेटा."

माझे पाय जागीच थांबले. ५० रुपयांचे तीन सदरे म्हणजेही १५० रुपयेच! मग मला मोफत काय मिळाले? काहीच नाही. उलट, गरज एकाच सदऱ्याची असताना मी तीन घेतले होते. एकच घेतला असता, तर १०० रुपये शिल्लक राहिले असते. मी धावत पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने माल परत घेतला नाही.

घरी कोणी मला रागावले नाही. अब्बा फक्त गप्प बसले. अम्मीने शेजारून पैसे उसने आणले. ईदच्या सकाळी मी नवा सदरा घातला. नजमाच्या हातांत मागच्या वर्षीच्या बांगड्या होत्या. मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा तिने हात पाठीमागे लपवले आणि म्हणाली, "या पण छान आहेत, भाईजान." तो सदरा मला दिवसभर टोचत राहिला.

पुढे १९९९ च्या जानेवारीत ईद आली, तेव्हा मी कॉलेजात होतो. अब्बांचे एक मित्र रमजानमध्ये कपड्यांचे दुकान लावत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. मी त्यांच्या मदतीला गेलो. चाचा ६० रुपयांना घेतलेल्या सदऱ्याच्या चिठ्ठीवर आधी २४० लिहीत, त्यावर काट मारत आणि खाली १२० लिहीत.

मी विचारले, "चाचा, हा सदरा २४० ला कधी होता?"

ते हसून म्हणाले, "कधीच नव्हता. पण गिऱ्हाईक आधी मोठा आकडा पाहते. मग लहान आकडा त्याला आणखी लहान वाटतो."

पण मुलांनो, मी चाचांची दुसरी बाजूही पाहिली. जागेचे भाडे, दिव्यांचे पैसे, माल आणायला घेतलेली उसनवारी, हे सारे त्यांना पंधरा-वीस दिवसांत भरून काढायचे असे. ईद झाली, की उरलेला माल वर्षभर पेटीत पडून राही. म्हणून चांदरातीला उशिरा त्यांनी ६० चा सदरा ५० रुपयांनाही विकला. ती सूट मात्र खरी होती.

चांदरातीच्या दोन दिवस आधी एक मुलगा आला. त्याच्या मुठीत घामाने ओल्या झालेल्या नोटा होत्या. तो आमची पाटी वाचत होता, 'एक १२० रुपये. दोन घ्या, तिसरा मोफत!' मला माझाच चेहरा दिसला. मी विचारले, "तुला किती सदरे हवेत?"

"एकच."

"आणखी काय घ्यायचे आहे?"

"आपाची ओढणी."

"मग एकच घे," मी म्हणालो.

चाचांनी ते ऐकले. आता ते रागावणार, असे मला वाटले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तिघांत एक मोफत, म्हणजे एकाचे ८० झाले. त्याला ८० ला दे."

आज पाट्या बदलल्या आहेत, पण कोडी तीच आहेत. '५० टक्के अधिक ५० टक्के सूट' म्हणजे वस्तू फुकट नव्हे. ४०० चे आधी २०० होतात, मग १००. म्हणजे सूट झाली ७५ टक्के. '५० टक्क्यांपर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरांत असतो, तो शोधून वाचा. दिवाळीत फटाक्यांचे डबे पाहा. छापलेली किंमत खूप मोठी असते आणि दुकानदार त्याच्या निम्म्याहूनही कमी पैसे मागतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हे खरे. पण छापील किंमत म्हणजे वस्तूची खरी किंमत नव्हे. खरेदीची पावती मागा. फसवणूक झाली, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते.

मुलांनो, पाटी वाचण्याआधी घरून काय आणायला सांगितले आहे, ते आठवा. दोन दुकानांत भाव विचारा. मग खुशाल खरेदी करा.

आता नजमाला स्वतःची मुले आहेत. तरी दर ईदला मी तिला हिरव्या बांगड्या नेतो. ती हसून विचारते, "भाईजान, यांवर काही मोफत मिळाले का?"