चोर्ल्याचा घाट आणि बाळाची वेळ

बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीस जाणारा रस्ता मोठ्या माणसांना फार लांबचा वाटत नाही. अंतर सुमारे 110 किलोमीटर. परंतु मागच्या आसनावर अडीच वर्षांचे मूल बसलेले असेल आणि त्याचा लंगोट सुटून जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तर हाच रस्ता निराळ्या मापाने मोजावा लागतो. बाळ कोठे ‘शू’ म्हणेल आणि कोठे ‘शी’, ह्यावर मुक्काम ठरतात.

2024 च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब जुन्या गोव्यास निघालो. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पवित्र अवशेष 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारी 2025 पर्यंत सी कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवले होते. दर दहा वर्षांनी येणारी ही पर्वणी चुकू नये, अशी घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा होती. ‘प्रवासापुरता बाळाला पुन्हा लंगोट बांधा,’ असा सल्लाही मिळाला. रात्रीच्या झोपेपुरता तो बांधण्यास आमची हरकत नाही. पण जागेपणी आज एक रीत आणि उद्या दुसरी असे केले, तर मुलाने काय समजावे? ‘शू आली की सांग, आम्ही थांबू,’ असा शब्द आम्ही त्याला दिला होता. तो घरात पाळावयाचा आणि रस्त्यावर मोडावयाचा, हे आम्हास पटले नाही.

तयारी साधीच होती. झाकणाचे लहान भांडे, आसनावर घालावयास रबरी कापड, चार जोड कपडे, साबण, पाण्याची बाटली आणि ओल्या कपड्यांसाठी एक पिशवी. भांडे नसले तरी अडत नाही. आपल्या आयाआज्या तान्ह्या मुलास आपल्या दोन पायांवर बसवून मोकळे करीत. ती जुनी युक्ती थोड्या मोठ्या मुलाच्या बाबतीतही रस्त्याच्या कडेला उपयोगी पडते. न्याहारी झाल्यावर आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून खाणे आटोपताच निघण्याची घाई न करता आम्ही बाळास थोडा वेळ शांतपणे बसविले, आणि मगच दार ओढले.

जांबोटीच्या झाडीत पहिला थांबा झाला. बाळाने मागितले नव्हते. पण खेळात रमलेले मूल अगदी शेवटच्या क्षणी सांगते, तेव्हा तास-सव्वा तासाने आपणच उतरावे हे बरे. शू होऊ नये म्हणून पाणी तोडणे मात्र अगदी गैर. पाणी कमी पडले की शी घट्ट होते. घट्ट शी दुखते. दुखण्याच्या भीतीने मूल ती दाबून धरते, आणि दाबल्याने ती आणखी कठीण होते. दोन दिवसांच्या यात्रेतून जडलेली ही खोड पुढे अनेक आठवडे पुरते.

कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पुढे कृष्णेस मिळते आणि वाटेत कित्येक गावांची तहान भागविते. ‘लहान मुलाची शी ती काय!’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. परंतु तीतूनही मोठ्यांच्या विष्ठेइतकेच रोग पसरतात. म्हणून झऱ्यापासून पुष्कळ दूर, वीतभर खोल खड्ड्यात ती पुरावी व हात साबणाने धुवावेत. वापरलेले डायपर तर घाटात मुळीच टाकू नयेत. त्यांत प्लास्टिक असते, ते कुजत नाही. पिशवीत बांधून घरी न्यावेत.

चोर्ल्याची वळणे उतरू लागलो. उजाडलेल्या दरीत अंजुण्याच्या धरणाचे पाणी चकाकत होते. एवढ्यात मागून हाक आली, ‘आई, शू!’ थांबण्याजोगी जागा दिसेना. धावत्या मोटारीत मुलास पट्ट्यांतून सोडविणे जिवाशी खेळ आहे. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानेही 14 वर्षांखालील मुलास पट्टा किंवा योग्य आसन सक्तीचे केले आहे. सुरक्षित जागा मिळेपर्यंत आसन ओले झाले होते. बाळ आमच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. त्या दृष्टीत एकच प्रश्न होता, आता हे रागावतील का? ‘तू सांगितलेस, छान केलेस,’ एवढेच आम्ही म्हणालो, कपडे बदलले आणि पुढे निघालो. त्या क्षणी रागावलो असतो, तर पुढच्या वेळी त्याने सांगितलेच नसते.

साखळीस पुन्हा थांबून आम्ही जुन्या गोव्यात पोहोचलो. रांग लांबच लांब होती. आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहिले. मग एकाने रांग धरली आणि दुसऱ्याने बाळ सांभाळले. दर्शनास उशीर झाला खरा, पण बाळ कोरडे आणि हसरे होते.

1542 मध्ये गोव्यास आल्यावर संत झेवियर हातात घंटा घेऊन रस्तोरस्ती फिरत व मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. अशा संताच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाने लहानग्यास ओझे का मानावे? प्रिय वाचकांनो, यात्रेस निघाल तेव्हा घरातील सर्वांत लहान पावलाच्या बेताने वेळ आखा. तासभर उशिरा पोहोचाल; परंतु मुलाचा तुमच्यावरील विश्वास शाबूत राहील.