उपकार आणि उपकारस्तुती

मराठीत ‘उपकार’ हा शब्द निखळ आनंदाने क्वचितच उच्चारला जातो. उपकारांचे ओझे असते, ते फेडायचे असतात, त्यांखाली माणूस दबतो. आणि मराठी ख्रिस्ती उपासनेने नेमका हाच शब्द देवासाठी निवडला : उपकारस्तुती. लहानपणापासून कानांवर असल्याने त्यातील पेच मला एम. ए.ला येईपर्यंत जाणवला नव्हता. वसतिगृहातील एक मित्र सहज म्हणाला, ‘तुमच्या लोकांवर मिशनचे फार उपकार आहेत.’ बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण देवाचे आणि मिशनचे खाते त्याने एकाच वहीत मांडले होते.

नगर जिल्ह्यात ही वही जुनी आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन येथे आले. शाळा आल्या, दवाखाने आले. दुष्काळात मदतही मिळाली. मदत घेतली म्हणून श्रद्धा खोटी, हा आक्षेप मला उथळ वाटतो. भुकेल्याला भाकरीत देव दिसू नये, असा नियम कुणी केला? परंतु देणारा हात समोर दिसत असला की कृतज्ञता त्या हाताशीच थबकते, हेही खरे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा विचार मी या संदर्भात करतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर नगर हे त्यांचे दीर्घकाळचे कार्यक्षेत्र झाले. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांचे अभंग शिकवताना आपण तुकोबांच्या प्रभावाविषयी भरभरून बोलतो. या सोडलेल्या पगाराविषयी फारसे बोलत नाही. मला मात्र तो त्या अभंगांचाच भाग वाटतो. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ते धनको होते. टिळक घेणाऱ्याच्या बाजूचे. त्यांनी आपल्या बाजूने तेच केले. मिंधेपणा सुटल्यावर देवाचे उपकार गाणे सोपे झाले असेल की अधिक अवघड?

आमच्या गावाकडे सुगीनंतरच्या उपकारस्तुतीला आजही बाजरीची कणसे, शेंगा, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे येते. उपासना संपली की अंगणात लिलाव. वीस रुपयांचा भोपळा दीडशेला जातो. तो कुणाच्या वावरातला, हे विचारायची पद्धत नाही. माझ्या आईने एका वर्षी आपलीच कोंबडी दुप्पट पैसे मोजून घरी परत आणली होती.