तेल एका काळाचं, ताल दुसऱ्या काळाचा

चि. मनू,


तुमच्या शाळेत ‘ग्रीस’ बसवताहेत आणि सिनेमाच्या सुरुवातीला वाजणारं ते झकास गाणं संहितेत कुठेच सापडत नाही, म्हणून तू चक्रावली आहेस. तुझ्या बाबाचं म्हणणं असं, की ते गाणं पन्नासच्या दशकातलं नाहीच, ते चक्क डिस्को आहे, तेव्हा नाटकात नाही तेच बरं. त्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं मला पटत नाही. त्याच्याशी फोनवर वाद घालण्यात काही हशील नसतं, म्हणून तुला सविस्तर लिहितो.

संहितेचं कोडं सोपं आहे. ते गाणं मूळ नाटकातलं नाही. सिनेमासाठी बाहेरून लिहून घेतलेल्या गाण्यांचे हक्क वेगळे असतात, आणि शाळांना मिळते ती नाटकाची प्रत.

नाटक जन्मलं शिकागोत, १९७१ साली, ट्रामच्या एका जुन्या डेपोत थाटलेल्या ‘किंग्स्टन माइन्स’ या छोट्याशा थिएटरात. जिम जेकब्स आणि वॉरन केसी या दोघांनी ते रचलं. केसांना क्रीम थापून कोंबडा काढणारी, गाड्यांच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारी कामगार वस्तीतली पोरं जेकब्सने आपल्या शाळेत जवळून पाहिली होती. तो पहिला खेळ पुष्कळ रांगडा होता. पुढच्याच वर्षी नाटक न्यूयॉर्कला गेलं, जरा धुतलं-पुसलं गेलं आणि १९८०पर्यंत त्याचे ३,३८८ प्रयोग झाले. दौऱ्यावरच्या संचात एक दुय्यम भूमिका करणाऱ्या पोराचं नाव होतं जॉन ट्रॅव्होल्टा.

सिनेमा जून १९७८चा. तोवर अमेरिकेत पन्नासच्या दशकाचे कढ काढणं हा चांगला बसलेला धंदा झाला होता. १९७३मध्ये ‘अमेरिकन ग्राफिटी’ने गल्ला भरला होता (त्याची गोष्ट १९६२ची, पण हळहळ तीच), आणि टीव्हीवर १९७४पासून ‘हॅपी डेज’ ही मालिका चालू होती. निर्माता रॉबर्ट स्टिगवुड मात्र डिस्कोचा माणूस. बी जीजचा मॅनेजर तोच, त्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या आरएसओ कंपनीचा मालकही तोच. आदल्या डिसेंबरात त्याच्या ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ने धुमाकूळ घातला होता. त्याने बी जीजमधल्या बॅरी गिबला सांगितलं, सिनेमाच्या नावाचं एक गाणं हवं. आता ‘ग्रीस’ या शब्दावर गाणं काय लिहिणार? पण बॅरीची लेखणी त्या वर्षी कशालाच अडत नव्हती.

गिटार वाजवली पीटर फ्रॅम्प्टनने, तोही एका वेगळ्याच योगायोगाने. बी जीज आणि फ्रॅम्प्टन तेव्हा स्टिगवुडच्याच ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या गाण्यांवरच्या सिनेमात काम करत होते. तो सिनेमा सपशेल आपटला. त्या उद्योगातून जगाला लाभलेली चांगली गोष्ट बहुधा ही गिटारच.

दिग्दर्शक रँडल क्लायझरला हे गाणं खटकलं होतं. गोष्ट १९५८-५९ची आणि सुरुवातीलाच १९७८चा ताल, हे जमणार कसं? नंतरच्या मुलाखतींतही त्याने हे लपवलेलं नाही. कागदावर त्याची तक्रार बिनतोड आहे. पण जरा पडद्याकडे बघ. सिनेमा उघडतो समुद्रकिनाऱ्यावर. लाटा, कोवळं प्रेम, आणि मागे १९५५च्या एका गाजलेल्या प्रेमगीताची गोडमिट्ट वाद्यवृंदातली धून. हे सगळं काळाला धरून आहे आणि म्हणूनच पोस्टकार्डावरच्या चित्रासारखं निर्जीव. मग जॉन विल्सनने काढलेली कार्टूनची श्रेयनामावली सुरू होते, रेडिओवरचा निवेदक बडबडतो, आणि बेसचा तो दणकट ठेका खोलीत शिरतो. चित्रपट जागा होतो तो तिथे.

शिवाय ते गाणं म्हणतं काय, याकडे तुझ्या बाबाने कधी लक्ष दिलं असेल असं वाटत नाही. त्यात नायक डॅनी नाही, नायिका सँडी नाही, रायडेल शाळा नाही, गाडीही नाही. मोठी माणसं सोंगं आणतात, रीतीभातींचं दडपण असतं, आपण जसे आहोत तसे असायला का लाजायचं, असा त्याचा सूर आहे आणि तो चांगलाच काळवंडलेला आहे. उन्हाळी सुट्टीच्या गोड कथेच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत. ते शोभतात १९७८मध्ये तिकीट काढून बसलेल्या, व्हिएतनाम आणि वॉटरगेट पाहून झालेल्या प्रेक्षकाच्या तोंडी. तोच तर वीस वर्षांमागे डोकावत होता.

आपल्या संगीत नाटकाला याचं काहीच नवल वाटलं नसतं. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त, १८८०मध्ये, नांदी होते, सूत्रधार आणि नटी येऊन समोर बसलेल्या लोकांशी त्यांच्याच काळात बोलतात आणि मग आपण कण्वाच्या आश्रमाकडे निघतो. सूत्रधार दुष्यंताच्या राज्यातला वाटत नाही, अशी तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही. बॅरी गिबचं गाणं ही ‘ग्रीस’ची नांदी आहे. ती गोष्टीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहते, आणि तिथेच उभी राहायला हवी.

तरीही बॅरीने एक शहाणपणा केला. पाठीमागच्या आवाजांत तो आहे, पण मुख्य गायक त्याने जुन्या काळातून आणला. फ्रँकी व्हॅली तुमच्या न्यू जर्सीचा, नेवार्कचा, न्हाव्याचा मुलगा. १९३४चा जन्म, खरं नाव फ्रान्सेस्को कॅस्टेलुचो. त्याची पहिली रेकॉर्ड १९५३ची. म्हणजे सिनेमातली मुलं ज्या वर्षी शाळेत आहेत, त्या वर्षी हा माणूस खरोखरच पोटासाठी गात होता. त्याचा ‘फोर सीझन्स’ हा गट आणि त्याचा तो टिपेचा आवाज पुढे १९६२मध्ये गाजला. ‘ग्रीस’मध्ये मात्र तो टिपेला फारसा जात नाही. मधल्या पट्टीत, जरासा घोगरा, चव्वेचाळिशीतला अनुभवी आवाज लावतो. पडद्यावरच्या ट्रॅव्होल्टाने किंवा ऑलिव्हिया न्यूटन-जॉनने हेच शब्द गायले असते, तर नुसतीच पोरांची कुरकुर वाटली असती.

आणखी एक गोष्ट मला त्या गाण्यापेक्षाही मोठी वाटते. त्या वर्षांत व्हॅलीला नीट ऐकू येत नव्हतं. ओटोस्क्लेरोसिस या विकारात कानातलं एक इवलंसं हाड जखडत जातं. सत्तरचं दशक त्याने असंच, बऱ्याच अंशी अंदाजाने गात काढलं. १९८०च्या सुमारास शस्त्रक्रिया झाली आणि ऐकू येऊ लागलं. हे कळल्यावर गाणं पुन्हा लाव, आणि तो ठेक्यावर किती नेमका उतरतो ते ऐक.

गाणं ऑगस्ट १९७८च्या अखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. इंग्लंडमध्ये ते तिसऱ्या क्रमांकाच्या वर चढू शकलं नाही. तिथे त्याच सिनेमातल्या दोन युगुलगीतांनी पहिली जागा मिळवली, एकाने नऊ आठवडे, दुसऱ्याने सात. नऊ आठवडेवालं ‘यू आर द वन दॅट आय वाँट’ जॉन फारारचं, तेही खास सिनेमासाठी लिहिलेलं आणि तेही क्लायझरला सुरुवातीला न आवडलेलं! दिग्दर्शकाचा कान आणि जनतेचा कान यांची इतकी फारकत क्वचितच झाली असेल. ऑस्करसाठी नामांकन मिळालं ते फारारच्याच दुसऱ्या, हळुवार गाण्याला. बक्षीस गेलं डोना समरच्या ‘लास्ट डान्स’ला. म्हणजे डिस्कोलाच.

काळाचा काटेकोरपणा पाहायचा, तर फक्त गाण्यालाच का धरायचं? शाळकरी सँडी झालेली ऑलिव्हिया चित्रीकरणाच्या उन्हाळ्यात अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होती, आणि रिझो झालेली स्टॉकर्ड चॅनिंग तेहेतीसची. शिकागोची रांगडी पोरं कॅलिफोर्नियाच्या उन्हात आणून सोडली. शेवटी तर गाडी सरळ आकाशात उडते. ते सगळं चालतं, आणि ताल तेवढा चुकीचा?

नाटकवाल्यांनीही अखेर हार मानली. २००७मध्ये ब्रॉडवेवर ‘ग्रीस’ नव्याने आलं. नायक-नायिका टीव्हीच्या प्रेक्षकांनी मतं देऊन निवडले होते. सिनेमासाठी लिहिलेली गाणी त्यात रीतसर घेतली, आणि त्यांत हेही होतं. केसी १९८८मध्येच वारला होता. शिकागोच्या त्या डेपोतल्या खेळाच्या तोंडाला बॅरी गिबचं गाणं बसलेलं पाहायला दोघांपैकी जेकब्सच उरला होता.

हे सगळं बाबाला वाचून दाखव, पण त्याचं जेवण झाल्यावर. आईला नमस्कार सांग. तालमी रात्री उशिरापर्यंत चालत असतील, तर घसा जप.

तुझा,
काका